ही म्हणाली

कार्ड पुरं झालं की ते आधी कानाशी न्यायचे. डोळे मिटून दोनदा हलवायचे आणि मग निकाल द्यायचे. "प्ले कमी आहे." किंवा क्वचित कधी, "हां. चालतंय."

आम्ही बाकी सगळ्या जणी कार्ड डोळ्यांनी बघायचो. काका ते ऐकायचे.

ज्यांनी शेकर कार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. असतं ते शुभेच्छापत्रच, पण त्याच्या पोटात एक खिडकी असते. खिडकीला पारदर्शक प्लास्टिकची काच. काच आणि मागचा कागद यांच्यामध्ये फोमच्या टेपचं बारीक कुंपण घालून पोकळी ठेवायची, तीत टिकल्या, मणी, सितारे सोडायचे आणि बंद करून टाकायचं. हलवलं की आतला माल इकडून तिकडे पळतो. काचेवरही रबरी ठसे उमटवता येतात, रंग भरता येतात. मग झाड पुढे दिसतं आणि त्याची फुलं मागे खरोखरच गळत असतात. बघायला सोपं, करायला बसलात की कळतं. कुंपणात केसाएवढी फट राहिली तर टिकल्या बाहेर. काचेला हात लागला की बोटं उमटली. आणि पोकळी अपुरी पडली तर आतलं सगळं दाटून बसतं, हलतच नाही. काका ज्याला 'प्ले' म्हणायचे ती हीच मोकळीक. यंत्राच्या दोन भागांना हलायला जेवढी जागा लागते तिला फिटर लोक प्ले म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं.

अंबरनाथ पूर्वेला एका स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा क्लास आहे. बुधवार आणि शनिवार, दुपारी तीन ते पाच. घरातली कामं उरकून आलेल्या बायका आणि कॉलेजच्या दोन-तीन मुली. त्यात बुवापाड्याहून एक काकू यायच्या. माहेर बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचं, शाळा चौथीपर्यंत. बोलायच्या कमी. कात्री बिचकत धरायच्या, कापलेली कड वाकडी जायची, पण रंग असे निवडायच्या की मी थांबून बघायचे. गडद जांभळ्याच्या शेजारी मोहरीचा पिवळा ठेवणं मला सुचलं नसतं. तीन वेळा आल्या आणि मग यायच्या थांबल्या. हौस म्हणून येणाऱ्या अशा मध्येच थांबतात, मला त्याची सवय होती. मी चौकशी केली नाही.

महिन्याभराने एका बुधवारी दारात एक उंच म्हातारा माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. चपला बाहेर काढून, जोड भिंतीला लावून ठेवलेला.

"ही येणार नाही," ते म्हणाले.

ही म्हणजे कोण ते मला कळेना. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. जांभळा आणि मोहरी पिवळा बघून मी काकूंची वही ओळखली.

"पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. परवाच घरी आणलंय."

"अरे देवा! काका, तुम्ही क्लासची काळजी करू नका, त्या बऱ्या झाल्या की..."

"काळजी नाही करत, मॅडम. शिकायला आलोय. मला शिकवा, मी घरी जाऊन तिला शिकवतो. तिचं अर्धवट राहायला नको."

मुली एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "ती कुठं बसायची?" त्यांनी विचारलं आणि मी दाखवलेल्या, खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

अंबरनाथमधल्याच एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हाताची सवय गेली नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून व्हर्निअर कॅलिपर काढला. बारीकसारीक जाडी मोजायचं ते उपकरण बघून एकीने विचारलं, "काका, याचं इथे काय काम?" त्यांनी माझी फोमची टेप मोजली.

"पाकिटावर दोन मिलिमीटर लिहिलंय. एक पॉइंट सहा भरतेय. तुम्हाला फसवलंय, मॅडम."

मग टिकल्या मोजल्या. क्लासला टिकल्या लाजो आंटी आणायच्या. त्या उल्हासनगरच्या सिंधी. नवऱ्याचं लेस-टिकल्यांचं दुकान, आणि त्या स्वतः क्लासमधल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. काकांनी एका पुडीतल्या दहा टिकल्या ओळीने मांडून जाहीर केलं, "एकीचा मेळ दुसरीला नाही. हा माल नापास."

लाजो आंटींनी चष्मा वर केला. "अंकल, पंचवीस साल से दुकान है हमारा. आजपर्यंत कोणी टिकली मोजली नाय."

"म्हणूनच सांगतो. मोजा."

त्या दिवशी आंटी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात काकांनी पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांना भोकं पाडून तीन चाळण्या आणल्या. वेगवेगळ्या मापाच्या टिकल्या आपोआप वेगळ्या होतील अशा. आंटींनी एक पुडी चाळून बघितली, परत एक चाळली, आणि तीनही चाळण्या पर्समध्ये टाकल्या. "साईं, ये तो मेरी दुकान में चाहिए," एवढंच म्हणाल्या. काकांनी आणखी तीन करून आणल्या.

वाया गेलं, हा शब्द ते वापरायचे नाहीत. ठसा फिसकटला, काच वाकडी चिकटली, टिकल्या सांडल्या, काहीही झालं तरी ते "रीवर्क" म्हणायचे. कुणी चिडून कार्ड चुरगळायला लागली की खिडकीजवळून आवाज यायचा, "ए, स्क्रॅप नाही. रीवर्क." दोन महिन्यांत सगळा क्लास तेच म्हणायला लागला. मी घरी भाजी करपली तेव्हा म्हटलं, तर माझे यजमान माझ्याकडे बघत राहिले.

आणि त्यांच्या काचेवर कधी बोटं उमटायची नाहीत. आम्ही कडेने धरा, रुमालाने धरा असं करत असायचो. हे सरळ पंजाने काच उचलायचे आणि ती निखळ. मी एकदा कारण विचारलं. त्यांनी हात पुढे केला. बोटांची टोकं तुळतुळीत होती, वापरून झिजलेल्या पायरीसारखी. "लोखंड घासून घासून कानशीनं नेलं सगळं," ते म्हणाले. "पेन्शनला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो ना, तिथं मशिनवर अंगठा ठेवायचा. मशिन घेतच नाही. मी समोर उभा, आणि मशिन म्हणतं, हा माणूस नाही." सगळ्या हसल्या. तेही हसले. "शेवटी साहेबाने डोळे तपासून पास केला."

एकच गोष्ट त्यांना जमायची नाही. रंग. त्यांच्या हाती सोपवलं की कार्ड करडं आणि निळं. वाढदिवस असो, बारसं असो, करडं आणि निळं. कड काटकोनात, काच सपाट, टेपचे कोपरे असे जुळवलेले की सांधा दिसू नये, आणि एकूण रूप कारखान्याच्या कपाटासारखं. ते कार्ड घरी घेऊन जायचे आणि पुढच्या वेळी बायकोचा अभिप्राय घेऊन यायचे.

"ही म्हणाली, हे बारशाचं कार्ड आहे की दहाव्याचं?"

किंवा, "ही म्हणाली, मॅडमना सांगा, फुलं फार भरतात. श्वास घ्यायला जागा ठेवा म्हणावं."

सुरुवातीला मला मजा वाटली. नंतर, खोटं कशाला सांगू, थोडा राग यायला लागला. तीनच दिवस क्लासला आलेली बाई घरी पडल्या पडल्या माझ्या नमुन्यांना नावं ठेवतेय! पण एकदा मी मुद्दाम अर्धी फुलं काढून बघितलं. कार्ड सुधारलं होतं.

अशात एका शनिवारी क्लास सुटल्यावर दोघी जणी मागे थांबल्या.

"मॅडम, काका चांगले आहेत," एक म्हणाली, "पण घरी विचारतात. लेडीज क्लास आहे ना, मग जेन्ट्स कसे?"

दुसरी म्हणाली, "आम्ही इथे दोन तास मोकळं बोलायला येतो. आता प्रत्येक गोष्ट बोलताना मागे बघावं लागतं."

तिचं मला पटलं. आमच्या गप्पा खरंच बदलल्या होत्या. सासू, पाळी, नवऱ्याचे स्वभाव हे विषय बंद पडून टेपची जाडी हा विषय चालू झाला होता. दोघींनी सांगितलं की हे असंच राहिलं तर आम्ही येणार नाही. मी चार दिवस विचार केला. क्लास माझा आहे, तो नीट चालायला हवा. काकांना वेगळा वेळ देऊ किंवा मोबाइलवर शिकवू, पण क्लासला येऊ नका असं सांगायचं, आणि तेही फोनवर नाही, घरी जाऊन, असं मी ठरवलं. मंगळवारी सकाळी केळी घेऊन बुवापाड्यात गेले.

चाळीतली दोन खोल्यांची जागा. दाराशी पाण्याचं निळं पिंप, त्याला काकांनी केलेलं लाकडी झाकण, झाकणाला बिजागरी. दार उघडंच होतं. काका चमच्याने काकूंना पेज भरवत होते.

"या, या मॅडम! बघ गं कोण आलंय."

काकू खिडकीपाशी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा एका बाजूला ओढलेला. त्यांनी मला ओळखलं, डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि डावा हात वर झाला. मी तो धरला.

"काकू, कशा आहात?"

त्यांनी तोंड उघडलं. घशातून एक आवाज आला, शब्द नव्हता. त्यांनी तोंड मिटून मान भिंतीकडे वळवली.

मी काकांकडे बघितलं.

"बोलता येत नाही," ते वाटी खाली ठेवत म्हणाले. "झटका आल्यापासून एक शब्द नाही. कळतं सगळं. डॉक्टर म्हणतात, येईल, किंवा नाही येणार."

"पण काका... तुम्ही तर दर वेळी सांगता. ही म्हणाली, ही म्हणाली."

"म्हणतेच ती." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अहो, एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला. काय बघून काय म्हणणार, पाठ आहे मला." आणि मला पटावं म्हणून त्यांनी कपाटावरून आपलं नवं कार्ड काढून काकूंच्या समोर धरलं. करडं आणि निळं. "बघा आता. म्हणतेय, छान झालंय."

काकूंनी डाव्या हाताने ते कार्ड लांब सारलं.

"म्हणजे," काका म्हणाले, "रंग सोडून छान झालंय, असं म्हणतेय."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. त्या परत भिंतीकडे बघत होत्या.

निघताना काका मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. मी जे सांगायला गेले होते त्याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तेच बोलायला लागले.

"तुमच्या क्लासला येते हे तिनं मला सांगितलंच नव्हतं. मला सांगायची, भजनाला जाते. मग एक दिवस माझ्या आमटीत टिकली निघाली. चांदीच्या रंगाची. म्हटलं, हे कुठलं भजन?" ते हसले आणि थांबले. "मग तिनं पहिलं कार्ड आणून दाखवलं. जांभळं होतं. मी पेपर वाचत होतो. हातात घेतलं, हलवलं, म्हटलं, खुळखुळा केलास होय? या वयात? नातवाला दे खेळायला. ती घेऊन गेली, ट्रंकेत ठेवलं. त्यानंतर नवव्या दिवशी झटका आला."

"काका, झटका काही त्यामुळे..."

"ते मला माहीत आहे, मॅडम. मी अडाणी नाही. बीपी होतं तिला." त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, जे लागलेलंच होतं. "पण त्या नऊ दिवसांत मला टाइम होता ना. एकदा म्हणता आलं असतं, चांगलं झालंय म्हणून. आता मी तिला दररोज म्हणतो, तर ती भिंतीकडे बघते. व्यायाम करत नाही. फिजिओवाली मुलगी येते, हिचा हात धरते, ही ढिला सोडून देते. कशाचंच मन नाही. जन्मात स्वतःसाठी एवढी एकच गोष्ट केली होती तिनं, म्हणून म्हटलं, तिथनं धरून बघू."

मी काही न सांगता घरी आले.

बुधवारी त्या दोघींना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं आणि काका येत राहतील असं म्हटलं. एकीने क्लास सोडला. दुसरी थांबली, मोकळं बोलायचंय म्हणाली होती ती. तिने स्वतःच यावर तोड काढली. पावणेपाचला ती काकांना सांगायची, "काका, आता आमची पंधरा मिनिटं." काका कॅलिपर पिशवीत घालून, चपला घालून खाली जायचे. कधी वाईट वाटून घेतलं नाही.

आता त्यांना एकच ध्यास लागला होता. डाव्या हाताने काचेवर ठसा कसा उमटवायचा. तुम्ही करून बघा. प्लास्टिक गुळगुळीत, ठसा टेकवला की घसरतो. साधी शाई त्यावर वाळत नाही, उग्र वासाची वेगळी शाई लागते, आणि तीही जरा हलली तर फिसकटते. आम्ही एका हाताने काच दाबून धरतो, दुसऱ्या हाताने ठसा सरळ खाली उतरवतो. हात एकच असेल, तोही डावा, तर कसं करणार?

काका क्लासमध्ये उजवा हात पाठीशी बांधल्यासारखा मागे ठेवून बसायला लागले. फिसकटायचं. रीवर्क. परत फिसकटायचं. मग एक दिवस ते एक लाकडी चौकट घेऊन आले. खाली पत्रा मढवलेली प्लायवूडची फळी, तिच्या कोपऱ्यात काच बरोबर बसावी अशी काटकोनी पट्टी, काच हलू नये म्हणून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. वर बिजागरीवर उघडझाप होणारं अ‍ॅक्रिलिकचं झाकण. ठसा त्या झाकणाला आतून चिकटवायचा, त्याला शाई लावायची आणि पुस्तक मिटावं तसं झाकण मिटायचं. ठसा सरळ उतरतो, घसरायचा प्रश्नच नाही. फिका उमटला तर परत मिटा, त्याच जागी उमटतो.

लाजो आंटींनी चार वेळा उघडझाप करून पाहिली. "अंकल, हे विकायचं?"

"हे हिच्या मापाचं आहे," काका म्हणाले. खरंच होतं. झाकणाची मूठ डाव्या बाजूला होती, काकूंच्या पंजात बसेल एवढी.

पण काकूंनी त्याला हात लावला नाही. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. काका दर वेळी यायचे, आणि आम्ही विचारायच्या आधीच मान हलवायचे. त्या महिन्यात त्यांनी 'ही म्हणाली' एकदाही म्हटलं नाही.

मग एका शनिवारी ते उशिरा आले. जिना चढून धाप लागली होती. त्यांनी पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. निळंकरडं. खिडकीच्या काचेवर 'शुभेच्छा' हा शब्द होता, आणि तो उलटा होता, आरशात दिसतो तसा.

"काका, तुम्ही काच पालथी चिकटवलीत."

"तेच!" त्यांचा चेहरा फुलला होता. "पोराचा वाढदिवस होता म्हणून केलं. नेऊन हिला दाखवलं. म्हटलं, बघ, एकदम परफेक्ट. तिनं बघितलं. परत बघितलं. आणि मॅडम, हसायला लागली. अंग हलेपर्यंत हसली. मला कळेना काय झालं. मी कार्ड फिरवून फिरवून बघतोय आणि ही हसतेय. मग तिनं उरलेल्यातली एक काच घेतली, डाव्या हातानं, माझ्यासमोर अशी उलटी करून दाखवली. म्हणजे, बाबा, असं असतं ते. आणि मग माझ्याकडे बघत बघत ती काच चौकटीत ठेवली. बरोबर कोपऱ्यात."

त्यांनी रुमालात गुंडाळलेली दुसरी काच काढली. तिच्यावर एक ठसा होता, पोपटाचा. शेपटीकडे शाई कमी पडली होती. बाकी स्वच्छ, सरळ.

लाजो आंटी डोळे पुसत होत्या आणि काचेवर बोटं उमटू नयेत म्हणून ती कडेने धरत होत्या.

नंतर एकदा मी विचारलं, "काका, खरं सांगा, उलटी मुद्दाम चिकटवली होती ना?"

"मॅडम, चौतीस वर्षं ड्रॉइंग वाचलंय. उलटंसुलटं कळत नसेल मला?" मग म्हणाले, "पण त्या दिवशी खरंच नव्हतं कळलं."

त्यानंतर वर्षभर काकूंची कार्डं क्लासला यायची. काका मापं घ्यायचे, कापायचे, टेप लावायचे. ठसे आणि रंग काकूंचे. काचेवर पोपट, मागे मोहरीच्या रंगाच्या टिकल्या. फिजिओवाल्या मुलीशी काकू आता हुज्जत घालतात, अशी बातमी आली. शब्दांशिवाय हुज्जत कशी घालतात, ते मी विचारलं नाही.

मग काठी घेऊन त्या चालायला लागल्या, आणि काकांनी आमच्या जिन्याकडे मोर्चा वळवला. खालच्या दुकानदाराला विचारून एका रविवारी त्यांनी जिन्याला डाव्या हाताने धरता येईल असा पाइपचा कठडा बसवला. बुधवारी काकू आल्या. एक एक पायरी, मागे काका दोन्ही हात पसरून, पण न धरता. सगळ्या दारात उभ्या होत्या. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, काकांनी चौकट त्यांच्यासमोर ठेवली आणि ते चपला घालायला लागले.

"काका, बसा ना," मी म्हटलं. "आणखी एक खुर्ची आणते."

"नको. सीट तिची. मी बदलीवर होतो." आणि खाली गेले.

त्यानंतर ते क्लासमध्ये कधीच बसले नाहीत. काकूंना सोडून खाली दुकानाच्या बाकावर बसायचे. त्या दोन-दोन तासांत दुकानदाराचं शटर नीट केलं, झेरॉक्सच्या मशिनचा अडकणारा ट्रे नीट केला, आणि एकदा त्याचा स्टेपलर पूर्ण खोलून ठेवला म्हणून दुकानदार वर येऊन माझ्याकडे तक्रार करून गेला. आमच्या गप्पा पूर्ववत झाल्या. काकू सगळं ऐकायच्या आणि सासूंचा विषय निघाला की डोळे मोठे करायच्या.

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी दाढी करत होते, छातीत दुखतंय म्हणून खुर्चीत बसले, एवढंच. मुलाने सोनिवलीला नव्या इमारतीत घर घेतलं होतं, तो काकूंना तिकडे घेऊन गेला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा खूप माणसं होती. काकू मधोमध बसल्या होत्या. लाजो आंटी त्यांचा हात धरून बसून राहिल्या. निघताना मी सुनेला म्हटलं, "त्यांना परत यावंसं वाटलं तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. सोनिवलीहून अंबरनाथ, एक जिना, एक हात. मला वाटलं, आता नाही.

दोन महिन्यांनी एका शनिवारी जिन्यात काठीचा आवाज आला. सून त्यांना दारापर्यंत सोडून, पाच वाजता येते म्हणून गेली. काकू खुर्चीत बसल्या. त्यांनी पिशवीतून एक एक वस्तू काढून मांडली. चौकट, ठसा, शाई, आणि शेवटी काचेची नवी शीट.

या शीटच्या दोन्ही बाजूंना पातळ दुधी पापुद्रा असतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. तो सोलल्याशिवाय काच वापरता येत नाही. एका हाताने शीट धरायची, दुसऱ्या हाताच्या नखाने कोपरा सोडवायचा. काकूंच्या पिशवीत आजवर शीट नेहमी सोललेल्याच असायच्या. त्या घरून कोण सोलून देतं, हा विचार इतक्या दिवसांत माझ्या मनात आला नव्हता.

काकू त्या दुधी शीटकडे बघत बसल्या. मी उठले. लाजो आंटी माझ्या आधी उठल्या होत्या. "लाओ, दे इकडे, मी करते."

काकूंनी डावा हात वर केला. थांब.

मग त्यांनी शीट उचलली, तिचा कोपरा दातांत धरला, जिभेने चाचपून पापुद्र्याची कड शोधली, तेवढीच दातांत पकडली आणि शीट धरलेला हात सावकाश लांब नेला. सर्रकन आवाज झाला. लोंबणारा पापुद्रा त्यांनी तोंडातून काढून टेबलावर ठेवला, शीट उलटी केली आणि दुसरा कोपरा दातांत धरला.